टाकीतला बांध

…आन वरून मलाच इचारतेत, आप्पा, तुमी टाकीत हात कामून घातला? अरे, घालू न्हाई तर काय करू? डोळ्यादेखत एक मासा दुसऱ्याचं शेपूट फाडून राहिला आन मी खुर्चीत बसून चहा पिऊ? तुमाला सांगतो, बांधावरून कुऱ्हाडी घेऊन आलेली माणसं ह्या आप्पासाहेबाच्या ओट्यावर बसून, सुपारी खाऊन, गळ्यात गळा घालून गेलेत. आन माझ्याच बैठकीत दोन बोटभर मासे एकमेकाचा मुडदा पाडायला निघालेले… आन मी गावच्या तंटामुक्तीचा अध्यक्ष.

टाकी कुणाची? धाकट्याची, सत्यमची. त्याचं लातूरला माशांचं दुकान हाय. खायच्या न्हाई, बघायच्या माशांचं. एक दिवस टेम्पोतून ही एवढी काचंची टाकी आणली, चार गड्यांनी उचलून बैठकीत बरोबर मधोमध ठिवली, आन म्हणतो कसा, "आप्पा, ह्यात समुद्र करतो." मी म्हणलं, लेका, नळाला पाणी आठवड्याला एकदा येतं आन तू त्यात मीठ कालवणार? खारंच पायजे तर आपल्या बोअरचं घाल की, त्यात डाळ बी शिजत न्हाई. तर हसतो. म्हणतो, तसं खारं न्हाई आप्पा. आता खाऱ्यात बी जात-पोटजात असती का?

थोरला वैजनाथ, शेती सगळी तोच बघतो, तो सांजच्याला रानातून आला. पाय धुतले न्हाई, टोपी काढली न्हाई, टाकी बघितली आन जागीच पेटला. "मासे-बिसे काय न्हाई, आप्पा. ह्यानं बैठकीवर ताबा टाकला." बगा आता. पण खोटं कशाला बोलू, त्याचं बी चुकत नव्हतं. वादाची जागा असली की आपल्याकडं कुणी कडब्याची गंज रचतो, कुणी मोडकी गाडी आणून लावतो. ह्यानं समुद्र आणून लावला.

कारण दोघांचं वर्षभर वाटणीचं चालू होतं. आन मी एकच सांगून ठिवलं होतं, मी जिता हाय तवर ह्या घराची वाटणी होणार न्हाई. लोकाच्या घरच्या वाटण्या मी थांबवल्या, माझ्याच घराची झाली तर तोंड कुठं घालू? पारावर म्हणतील ना, "काय आप्पासाहेब, दिव्याखाली अंधार का?"

बरं, त्या टाकीत सत्यमनं दगड रचले. पांढरे, भोकाभोकाचे. काय ती तऱ्हा… आधी दगडाचं बूड काचंवर टेकवणार, मग भोवतीनं वाळू घालणार. "आप्पा, दगड वाळूवर ठिवला की मासे खालची वाळू उकरतेत आन सगळं ढासळतं. तुमी हात लावू नका बरं." मला सांगतो. मी काय बांध घातले न्हाईत काय जिंदगीत? एक ढीग रचला, मधी एक गुहा ठिवली आन दोन मासे सोडले. एक निळा, एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. झालं. गुहा एक आन मालक दोन.

आता येळवशीचं ऐका. येळ अमावस्येला सगळा मुलूख रानात जेवतो, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, कडब्याची कोप करून पाच पांडव पुजतो. औंदा माझ्या रानात दोन कोपी. एक थोरल्याची, एक धाकट्याची, एकाच रानात. मी कुणाच्या कोपीत बसू? थोरल्याकडं बसलो तर धाकटा फुगतो, धाकट्याकडं बसलो तर थोरला. मी म्हणलं, जा तुमी, माझं पोट दुखतं. आन राहिलो घरी, एकटा, उपाशी, त्या टाकीपुढं.

आन तिथं काय चाललेलं? निळा गुहेत शिरला की पट्टेवाला त्याच्या बरगडीत डोकं हाणतो. पट्टेवाला शिरला की निळा त्याचा डोळा धरतो. खवले उडून राहिलेत पाण्यात. ह्याचं शेपूट लक्तर झालेलं, त्याचा पंख फाटलेला, आन तरी माघार कुणाचीच न्हाई. माझ्यातला अध्यक्ष जागा झाला हो. मी म्हणलं, थांबा लेकाच्यांनो, फैसला करतो. बाह्या वर सारल्या, दगड उपसले, अर्धे इकडं, अर्धे तिकडं, दोन सारखे ढीग. निळ्या, हे तुझं. पट्ट्या, हे तुझं. आन मधी दगडावर दगड ठिवून, वाळूवर, ह्या काचंपासून त्या काचंपर्यंत, कमरंएवढा बांध. आपली कंबर न्हाई, माशाची.

तर तुमाला सांगतो, दोघांनी आपापलं घर सोडलं आन बांधावर आले. आयला, घराकडं ढुंकून बघंना कुणी. सगळी मारामारी बांधावर. आन निळा तर असला बदमाश, शेपटीनं बांधाच्या बुडाची वाळू उडवून राहिला. भाऊबंद नांगराच्या तासातासानं बांध कोरतेत ना, तस्संच. मी काचंवर बुक्क्या मारून राहिलो, "ए, हद्दीत राहा, हद्दीत राहा…" ऐकतोय कोण? कुणाला फोन लावू? तलाठ्याला?

तेवढ्यात बांध कलला आन वरचा मोठा दगड येऊन काचंला टेकला. टिक… असा आवाज आला. माझ्या काळजाला टिक झालं. काच फुटली असती तर अख्खा समुद्र बैठकीत, आन मागच्या खोलीत सोयाबीनची पोती.

नशीब, पोरं त्याच टायमाला रानातून आली. सत्यम बोंबललाच. "कुणी केलं हे?" मी ओल्या बाह्या खाली सारल्या. त्यानं एका हातानं दगड सावरला, पण दगड दोन, आन दुसऱ्यापर्यंत त्याचा हात पुरंना. वैजनाथला म्हणतो, "दादा, धर." आन वैजनाथनं धरला बी, पोत्यांपायी. आता ते चिकटवायला कणकीसारखी पुट्टी असती, पाण्यात बी घट्ट धरती. शिवांगीनं, धाकट्या सुनंनं, ती मळून सांदीत भरली. सत्यम म्हणला, वाळंस्तोवर हलायचं न्हाई. म्हंजी काय? वर्षभर एकमेकाचं तोंड न बघणारे दोन भाऊ, खांद्याला खांदा, एकेक हात पाण्यात, आन निळा त्यांच्या बोटांना कडाकडा चावून राहिला.

मला वाटलं, ही देवानंच आणलेली येळ. मी म्हणलं, पोरांनो, बगा, दोघांनी धरलं म्हणून उभं राहिलं, घराचं बी तसंच… माझं वाक्य तोंडात होतं, आन वैजनाथनं मोकळ्या हातानं सत्यमच्या कानाखाली काढली. "मी उन्हात करपलो आन तू ह्या डबक्यात खेळतो?" सत्यमनं मोकळ्या हातानं त्याची गचांडी धरली, कपाळावर कपाळ हाणलं. "मला न इचारता बोअर पाडला तवा?" पुन्हा कानाखाली. पुन्हा गुद्दा. सदऱ्याची बटणं तुटून टाकीत पडली, पट्टेवाला ती खायला धावला. दीपमाला, थोरली सून, आंबिलीचं रिकामं मडकं घेऊन धावली ती शिवांगीच्या अंगावर, शिवांगीच्या हातात मासे धरायची जाळी, ती हिच्या डोक्यात. मी सोडवायला मधी गेलो तर दोन्हीकडून मलाच, आन मडकं बी माझ्याच टाळक्यात फुटलं. पण एक सांगतो, पाण्यातला हात कुणीच काढला न्हाई. वरून रगत गळून राहिलं आन खाली दगड जागचा हलला न्हाई… आन मी तंटामुक्तीचा अध्यक्ष, नाकाला फडकं लावून खाली बसलेला.

शेवटी धोंडाबाई, आमची म्हातारी, पोरांसंगंच रानातून आलेली, ती लाटणं घेऊन आली. दोघांच्या पाठीत एकेक घातलं आन इचारलं, "काय पायजे तुमाला?" तर दोघं एका सुरात म्हणले, "वाटणी." वर्षभरात पहिल्यांदा एका मताचे झाले. मी तोंड उघडलं, तर म्हातारी मला म्हणती, "गप बसा. मेल्यावर करतील त्यापेक्षा बघून मरू."

केली. काय करता? गवंडी बोलावला. भिंत बैठकीच्या मधोमध. आन मधोमध काय? टाकी. सत्यम म्हणतो, हलवली तर दगड तुटंल. वैजनाथ म्हणतो, दगड मी बी धरला, अर्धी टाकी माझी. मग गवंड्यानं टाकी जागीच ठिवून, तोंडाशी हात जाईल एवढी फट सोडून, खालून-वरून विटा लावल्या. आता ह्या घरातून बघितलं की टाकीतून ते घर दिसतं. आन गुहा? पुट्टी वाळली तवा बांधाला दोन भोकं राहिली होती, दोन्ही अंगाला एकेक. दोघं मासे आपापल्या भोकात गप पडलेले. शाणे झाले लेकाचे.

आन म्हाताऱ्यांचं बी ठरलं. आपली रीतच हाय ना, बाप थोरल्याकडं, माय धाकट्याकडं. मी इकडं, धोंडाबाई तिकडं. दाराला दार लागून, पण जायची चोरी. मी गेलो की दीपमाला फुगती, ती आली की शिवांगी. म्हणून मी माशांना खायला टाकायला टाकीपाशी जातो. आन मी गेलो की पलीकडून ती बी येती, माशांच्या खाण्याची मूठ घेऊन. हिरव्या उजेडात तिचं तोंड दिसतं, वाळल्यावाणी. औषध घेतलं का, खुणंनं इचारती. मी मान हलवतो. मग ती चिमूट टाकती, मी चिमूट टाकतो. सकाळी, दुपारी, सांजच्याला… चहाच्या टायमाला बी.

परवा सत्यम टाकीला नाक लावून उभा. म्हणतो, "आप्पा, हे मासे एवढे कामून फुगून राहिलेत?"

मी म्हणलं, वाटणी मानवली असंल.