आईच्या बायबलातलं बोट

"कोणाला खरं वाटणार न्हाय, मेघाली, पण पहाटे देव माझ्याशी बोलला."

भिवंडीच्या एसटी स्टँडवर वज्रेश्वरीच्या गाडीसाठी बसलेल्या ठकुबाईचे कान टवकारले. शेजारी एक म्हातारा बाप होता आणि बॅग मांडीवर घेतलेली त्याची लेक.

"पप्पा, नाशिकची गाडी येईल आता. नर्सची नोकरी पुन्हा नाही मिळायची."

"ऐक तर. प्रार्थना केली, डोळे मिटून बायबल उघडलं, बोट ठेवलं. बघतो तर बोटाखाली 'थांब'!"

"एकदा लागलं असेल बोट."

"एकदा? पानं बदलून बदलून बघितलं, तरी तेच! लाईट गेलेली, पण अक्षर कसं चकाकत व्हतं!"

"मीपण प्रार्थना केली. मला जावंसं वाटतंय. मन शांत आहे."

"मन फसवतं, पोरी. वचन न्हाय फसवत."

"कुठलं बायबल होतं?"

"तुझ्या आईचंच, लाल कव्हराचं. ती खोटं सांगंल का?"

वज्रेश्वरीची गाडी लागली, तरी ठकुबाई उठली नाही.

"पप्पा, ते आपण आईबरोबर पुरलं. शवपेटीत तिच्या हातात तुम्हीच ठेवलंत."