पार्सल धुराड्यातून टाकायचं नसतं

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं, तू! थांब, थांब, टीव्हीचा आवाज कमी करते… हां, आता बोल. नाही, नको, तू बोलूच नकोस. आज मी बोलणार आणि तू ऐकणार. सकाळपासून तुला फोन लावतेय, उचलायला काय झालं होतं?

… मीटिंग? सुट्टीच्या दिवशी कसली मेली मीटिंग? … बरं, बरं, असेल.

… नाही गं, वाईट काही नाही. हे ठीक आहेत. उजवा हात आहे तसाच आहे, पण जेवले व्यवस्थित. आत्ता समोरच बसलेत, टीव्हीपुढे. … रडत नाहीये मी. … बरं, रडतेय. पण चांगलं रडतेय, तू घाबरू नकोस.

अगं ऐक ना… हे बोलले.

… हॅलो? … आहेस ना? … हो, हो, बोलले म्हणजे बोलले! तोंडाने! तुझ्या दादांनी शब्द उच्चारला! … एकच. पण लख्ख. त्या अर्धांगाच्या झटक्यानंतर आज पहिल्यांदा. … अगं किंचाळू नकोस, माझा कान गेला!

… काय बोलले ते सांगते. नाही, आधी नाही सांगणार. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुला मजा कळायची नाही. आणि मधे तोडायचं नाही हं.

तू ते खेळायचं यंत्र पाठवलंस ना, खोक्यातून? टीव्हीला लावायचं? … हो, तेव्हा मी तुझ्यावर डाफरलेच होते. माणूस आजारातून उठतोय आणि ही बाई खेळणी पाठवते म्हटलं. ते सगळं मागे घेते, झालं समाधान? आणि तुझ्या लेकीला सांग, मामीने तुझी दृष्ट काढायची ठेवलीय. तिनेच भरले ना त्यात ते नाताळचे गेम? … दर सुट्टीत खेळते? सगळे? … बाई गं. मग अभ्यास कधी करते?

… नाही, नाही, सगळे चालतात. माझा आवडता तो झाड सजवायचा. एका रंगाचे तीन गोळे एका ओळीत आणले की फुटतात आणि झाडावर एक दिवा लागतो. … हो, तोच. अगं, काल बसले तर दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मला पत्ता नाही. शेजारच्या बसड्रायव्हर बाई आहेत ना, त्यांना तो बर्फाच्या गोळ्यांचा. दिवसभर हॉर्न ऐकून आल्या की चारदोघांना गोळे मारल्याशिवाय त्यांना बरंच वाटत नाही. खेळताना ओरडतात किती! … तो कारखान्याचा? खोकी येतात आणि रिबिनी बांधायच्या, तो? तो नाही आवडला. मी दिवसभर लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते, घरी येऊन पुन्हा तेच कशाला करू?

आणि ह्यांचा… ह्यांचा तो गाडीचा. हरणांची गाडी, उडणारी. घरांवरून न्यायची, बटण दाबलं की भेटवस्तूचं खोकं धुराड्यातून आत. वेळ संपायच्या आत जितक्या घरी टाकाल तितके गुण. … हो ना, सोपाच आहे. डाव्या हाताने जमतो.

सोपा आहे पण हे खेळतात कसा, ते विचार!

… विचार ना.

खोकं टाकतच नाहीत! गाडी सरळ खाली उतरवतात, घराच्या दारासमोर. अगदी कडेला लावतात, मागच्या गाडीला जागा राहील अशी. आणि थांबतात. … अगं, थांबतात म्हणजे थांबतात. दार उघडायची वाट बघत.

… हसू नकोस. मीही हसले होते पहिल्यांदा. पण ह्यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. जन्मभर पार्सलं वाटली त्या माणसाने. तुला तर माहितीच आहे त्यांचा नियम. कुंपणावरून फेकायचं नाही, पायरीवर ठेवून पळायचं नाही, माणसाच्या हातात द्यायचं. आठवतं, एकदा भर पावसात स्वतःचा रेनकोट कुणाच्या तरी पार्सलवर घालून आले होते आणि मग आठवडाभर शिंकत होते? तो माणूस धुराड्यातून खोकी टाकेल होय?

… हो, तुझ्या लेकीने समजावलं ना व्हिडिओवरून! ‘मामा, बटण दाब, मामा, वरून टाक.’ ह्यांनी तिच्याकडे असं बघितलं… कामावर नवीन आलेल्या पोराकडे बघायचे ना, तसं. आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मग काय, वेळ संपते, तो लाल डगलेवाला म्हातारा मान हलवतो, ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं येतं. आणि हे पुन्हा करतात. पुन्हा दारासमोर. रोजचा भोपळा! पण उठायचं नाव नाही. उच्चारबाईंनी दिलेली कार्डं बघायची म्हटली की मान फिरवायचे, आणि इथे मात्र ढिम्म बसून राहायचे.

… उच्चारबाई म्हणजे त्या गं, बोलायला शिकवायला येतात त्या. नाव फार लांब आहे त्यांचं, म्हणून आपलं उच्चारबाई. … हो, गेल्याच आठवड्यात येऊन गेल्या. तुला मुद्दाम नाही सांगितलं. म्हणाल्या, इतके महिने झाले, एकही शब्द नाही, आता फार आशा धरू नका. ह्यांच्या समोरच म्हणाल्या. ऐकू येतं गं त्यांना, सगळं कळतं. त्या गेल्यावर हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी चहा दिला तर तसाच गार झाला.

… नाही सांगितलं, कारण तू तिकडे एकटी रडत बसली असतीस. माझं मी रडले, पुरे झालं.

… हो, हो, येते ना मुद्द्यावर. किती घाई तुला!

तर आज सकाळी. मी आत इस्त्री करतेय. हे बाहेर, खेळत. आणि मला ऐकू आलं…

‘पार्सल!’

… हो!! हाच शब्द! अगं, पण मला कुठे कळलं? मला वाटलं, दारात कोणीतरी आलंय. मी आतूनच ओरडले, ‘आले, आले,’ इस्त्री तशीच टाकली, धावत जाऊन दार उघडलं. तर कोण आहे? बसड्रायव्हर बाईंचं मांजर! मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, जिन्यात वाकून बघितलं. म्हटलं, काय माणसं आहेत, हाक मारून निघूनही गेला. आमचे हे असते तर थांबले असते.

आणि तेवढ्यात मागून, माझ्या पाठीमागून, पुन्हा… ‘पार्सल!’

… बाई गं! दाराची कडी धरून उभी राहिले. तोच आवाज! जरा घोगरा, पण तीच हाक, शेवटी वर चढवलेली. त्या हाकेने गल्लीतली कुत्रीसुद्धा शेपूट हलवायची. वळले तर हे टीव्हीकडे बघतायत, गाडी दारासमोर लावलेली, आणि त्या घराला हाक मारतायत. कोणी दार उघडेना म्हणून वैतागून! आपण बोललो हे त्यांचं त्यांना माहीतच नाही!

… मी? मी काय करणार? मला एकदम सुचलं ते केलं. इथूनच म्हटलं, ‘आले हं, कोण आहे?’ ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग कळलं गं त्यांना. हात तोंडावर ठेवला. मग सावकाश, माझ्याकडे बघत, मुद्दाम, पुन्हा म्हणाले, ‘पार्सल.’

मग काय विचारतेस! दोघंही रडतोय, दोघंही हसतोय, आणि तिकडे तो म्हातारा मान हलवतोय, पुन्हा प्रयत्न करा म्हणून. इस्त्री तशीच चालू, एक उशीचा अभ्रा करपला. करपू दे मेला.

… केला ना, उच्चारबाईंना लगेच केला फोन. त्या म्हणाल्या, असं होतं कधीकधी. हजारदा म्हटलेला शब्द सवयीने आधी सुटतो, मग त्याच्यामागून दुसरे येऊ शकतात. येतीलच असं नाही म्हणाल्या. पण त्यांचाही आवाज बदलला होता हं. आणि म्हणाल्या, गेम चालू ठेवा!

… हो, सकाळपासून तेच चाललंय. हे गाडी लावतात, हाक मारतात, मी ‘कोण आहे’ म्हणते, दार उघडल्यासारखं करते. त्याशिवाय पुढच्या घराकडे जातच नाहीत. अख्खा गाव वाटून झाला आमचा. गुण? अगं, शून्य! त्या गेमच्या लेखी एकही भेट पोचलेली नाही. पण माझ्या घरी पोचली ना, पुरे आहे मला. आणि ती तू पाठवलीस. तूच पाठवलीस गं. तुझे उपकार मी… नाही, बोलू दे मला. इतके महिने सगळे येऊन फळं ठेवून गेले, चुकचुकून गेले. तू एकटीने त्यांना खेळायला काहीतरी दिलंस. जन्मभर विसरणार नाही मी.

… बरं, नाही बोलत. पण आहे ते आहे.

… हो, आहेत ना. देऊ? … अगं, पण फोनवर बोलतील की नाही, काय सांगू? दर रविवारी तू फोन करतेस, मी त्यांच्या कानाला लावते, आणि ते ढकलून देतात. लाज वाटते त्यांना. बहिणीला आपला मुका श्वास कशाला ऐकवायचा म्हणून. तू वाईट वाटून घेऊ नकोस. … माहितीय गं. तुला त्यांच्या तोंडून ‘बुटके’ ऐकायचंय. लहानपणापासून दुसऱ्या कुठल्या नावाने हाकच मारली नाही तुला. पण तेवढी अपेक्षा आज नको हं ठेवूस. एका दिवसात एक शब्द खूप झाला.

… थांब, देते. अहो… अहो, जरा ते खाली ठेवा. बहीण आहे. घ्या. … घ्या हो. … नुसतं ऐका, बोलू नका हवं तर.

हॅलो, धरलाय हं त्यांनी. बोल तू.

…

हॅलो? नाही गं. मान हलवली आणि दिला परत मला. डोळे भरलेत. नको आता, जबरदस्ती नको करूया. त्यांना हुकमावरून नाही जमत, त्या कार्डांसारखंच होतं. … अगं, नको म्हणतेय ना. … काय? कसली युक्ती? … दार? … तू दारामागे? … अगं, पण… बरं. बरं बाई, तुझ्या मनासारखं. पण एकदाच हं.

अहो, हे बघा. पुढचं घर आलं. गाडी लावा. … लावली? हां. ह्या घरात मी नाहीये. ह्या घरातली बाई फोनवर आहे. धरा कानाला. … मारा हाक.

…

– पार्सल!

अगं बाई… बोलले! अहो, मारली की हाक तिला! ऐकलं का हो तिने, हसतेय का रडतेय ती? … अहो, द्या इकडे फोन, बघू… नाही? बरं, राहू दे, ऐका तुम्ही. काय म्हणतेय? काय विचारतेय ती तुम्हाला?

– बु… बु…

अहो. सावकाश. घाई नाही. कुणाला घाई नाहीये.

– बुट… की.

…

हॅलो… हॅलो, मी आहे, वहिनी… अगं, काय विचारलंस तू त्यांना? … काय? … ‘कुणाच्या नावाचं आहे?’ …

अगं, रडू नकोस अशी. मलाही… थांब, पदर सापडत नाहीये मला. … हो, हो, ऐकलं गं, स्वतःच्या कानांनी ऐकलं. बुटकी म्हणाले. तुझ्याच नावाचं आहे ते पार्सल. … हो. हो गं. तुझंच.

… आता हे बघ, हे हात हलवून काय खुणावतायत. हाताने लिहिल्यासारखं करतायत. … अगं, सही मागतायत तुझी! नियम म्हणजे नियम! … हो, सांगते. अहो, ती म्हणतेय, येऊन करते सही. ह्याच सुट्टीत येते म्हणतेय.

हसले गं. किती दिवसांनी दात दिसले.

… ये, खरंच ये. लेकीला घेऊन ये, तिचा मामा तिला गाडी लावायला शिकवेल. … हो, ठेवते आता. … नाही, ठेवायलाच हवा, अगं, गाडी पुढच्या घराशी जाऊन उभी राहिलीय, हाक मारून झालीय, आणि हे माझ्याकडे बघतायत.

आले हो, आले! कोण आहे?