नमुना कोणी घेतला?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाई, आणि माझं भाषण कधी संपतंय याची वाट पाहणाऱ्या सहकाऱ्यांनो,

बाईंना आपण पाठीमागे 'उलटतपासणी' म्हणतो. आज समोर म्हणते. नमुना कोणी घेतला, कधी घेतला, झाकण कोणी लावलं? वैताग यायचा की नाही? खरं सांगा! पण मुलांच्या वॉर्डची सिस्टर म्हणून एक गोष्ट माझ्याकडून सांगायची राहून गेली आहे.

आठ वर्षांपूर्वी दोन वर्षांची एक मुलगी चार महिन्यांत तिसऱ्यांदा भरती झाली. उलट्या, धाप, रक्तात आम्ल, लघवीत कीटोन, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळायला लागलं की बनतात ते. रक्तातली साखर ठीक, म्हणजे मधुमेह नव्हे. ग्लुकोजचं सलाईन लावलं की पोर दोन दिवसांत टुणटुणीत. घरी गेली की पुन्हा तेच. मी मनाशी ठरवूनच टाकलं, ही आई पोरीला उपाशी ठेवते, नाहीतर काहीतरी पाजते. तिची पिशवी मी तपासली. डबा हुंगून पाहिला. डॉक्टरांच्या कानावरही मीच घातलं. आईला खोलीबाहेर बसवलं. ती काचेतून बघायची, मी पडदा ओढून घ्यायचे.

पाचव्या दिवशी बाईंचा फोन.

"पोरीला कोण भरवतंय?"

"मी. स्वतः."

"पोटभर?"

"ताट चाटूनपुसून."

"मग आजच्या लघवीत कीटोन कुठून आले? सिस्टर, तुम्ही खोटं बोलताय की नमुना बदललाय?"

माझं डोकंच फिरलं. बाई वर आल्या, पोरीचं जेवण होईपर्यंत खुर्ची टाकून बसल्या, नमुना स्वतः घेतला. कीटोन होतेच.

"आई बाहेर, कीटोन आत," त्या म्हणाल्या. "आता कोणाची पिशवी बघायची?"

रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. महिन्याने उत्तर आलं. कोएन्झाइम ए नावाचा एक रेणू असतो. तो एकाकडून काढून दुसऱ्याला जोडून देणाऱ्या एन्झाइमांची चक्क घराणी आहेत. त्यातलं एक एन्झाइम या पोरीत कामच करत नव्हतं. ही जोडणी झाल्याशिवाय कीटोन जळत नाहीत, नुसते साठतात. त्यात ताप आला, पोट रिकामं राहिलं, की जिवावर बेततं.

"म्हणजे आईने काहीच दिलं नव्हतं?" मी विचारलं.

"दिलं ना. जन्माआधी. आणि निम्मं बापाने दिलंय. त्याला बसवलंत का बाहेर?"

आईला आत बोलवायला मात्र मी त्या पाचव्या दिवशीच गेले होते. ती म्हणाली, "आता मी भरवू? की तुम्ही बघत उभ्या राहणार?"

मुलगी आता दहा वर्षांची आहे. ताप आला की लगेच येते, सलाईन घेते, घरी जाते. मी बाटली लावायला गेले की आई तिच्यावरचं नाव वाचते, तारीख वाचते, मगच बाजूला होते.

बाई, त्या दिवशी तुम्ही माझ्यावर संशय घेतलात, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर आपण मोठ्या मनाने सोडून द्याल, याची खात्री आहे. त्या आईची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही. आठ वर्षं झाली.

बसते.