दुकान विकलं म्हणे!

ताई : हात बाहेर काढ. आधी तो हात टाकीतून बाहेर काढ, मग बोल.

भाऊ : काढतो. ओरडू नकोस, मासे बुजतात.

ताई : मासे बुजतात! आणि दोन वर्षं मला बनवत होतास त्याचं काय? दुकान विकलं म्हणाला होतास.

भागीदार : ताई, बसा ना. पाणी आणू का?

ताई : नको तुमचं पाणी! पाटीवर नाव तुमचं आणि टाक्यांचं शेवाळ खरवडायला माझा भाऊ. लाज नाही वाटत?

भागीदार : मी म्हटलं होतं त्याला, हातमोजे तरी घाल.

भाऊ : मोज्यांतून मासा कळतो का? आजारी मासा हातात घेतला की बोटाला खवलं लागतात. मोजे घालून काय कळणार, डोंबल?

ताई : बाही वर कर.

भाऊ : ताई, गिऱ्हाईक बघतंय.

ताई : बघू दे. वर कर म्हणते ना! अरे देवा. मागच्या महिन्यात बोटावर एकच गाठ होती. आता कोपरापर्यंत रांग लागलीय.

भाऊ : फार दुखत नाहीत.

ताई : दुखत नाहीत म्हणे! शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या देऊन तुझी प्रतिकारशक्ती मुद्दाम निजवून ठेवलीय. टाकीतल्या पाण्यात क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद असतात. मला लागले तर एखादी गाठ येईल. तुझ्यात हाडापर्यंत जातील. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं.

भाऊ : पाठ आहे मला.

ताई : आणि तरी तीन महिने साध्या फोडांची औषधं गिळतोयस? डॉक्टर डोकं खाजवतायत आणि हा ढिम्म! खरं का नाही सांगितलंस त्यांना?

भाऊ : सांगू कधी दिलंस?

ताई : चोराच्या उलट्या बोंबा! माझ्यासमोर विचारलं त्यांनी, मासे, टाकी, कशाशी संबंध येतो का म्हणून.

भाऊ : विचारलं. आणि उत्तर कोणी दिलं?

(ताई त्याची बाही खाली ओढते.)

भाऊ : तू दिलंस. 'छे हो डॉक्टर, दुकान केव्हाच विकायला लावलं मी.' मी तोंड उघडायच्या आत! माझी झोप, माझी भूक, माझी लघवी, सगळं तूच सांगतेस. मी नुसता फाइल धरून बसतो.

ताई : मग तिथेच म्हणायचं होतंस, हिला माहीत नाही.

भाऊ : तुझ्यासमोर? 'दुकान विक, तरच सही करते' म्हणालीस, तेही ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. हो म्हणण्यावाचून गत्यंतर होतं मला?

ताई : तुझ्या जिवासाठीच म्हणाले होते.

भाऊ : असेल. पण किडनीबरोबर तूही माझ्यात राहायला आलीस.

ताई : कृतघ्न आहेस.

भाऊ : आहे. बावीस वर्षं हे करतोय. दुसरं काही येत नाही मला.

भागीदार : जरा हळू बोलता का दोघं?

ताई : तुम्ही मध्ये पडू नका!

भाऊ : तू गप्प बस रे!

ताई : हात जाईल तुझा. या आजारापायी त्या गोळ्या कमी कराव्या लागल्या तर किडनीही जाईल. माझ्याकडे द्यायला आणखी एक नाही.

भाऊ : कळतं मला.

ताई : कळतं, आणि तरी गप्प राहिलास? मेलास तरी चालेल, पण माझी बोलणी नकोत?

भाऊ : हो.

ताई : एवढी भीती वाटते माझी?

भाऊ : लहानपणापासून.

ताई : साबणाने हात धू. तो शर्ट बदल, शेवाळाचा वास मारतोय. पाचला डॉक्टर येतात.

भाऊ : म्हणजे आज सगळं सांगणार तू त्यांना?

ताई : तू सांगायचंस. मी बाहेरच्या बाकावर बसेन.