इंद्रनीलला मलिंगारला धाडायचं का?

(वॉटरफोर्ड, २००३. शुक्रवार दुपार, उपेंद्रचं स्वयंपाकघर. त्याची आई प्रभाबाई महिन्याभरापूर्वी नागपूरहून आल्या आहेत.)

प्रभाबाई : म्हंजे पोट्टा देऊनच टाकतोस? माणूस हाय का कुकर?

उपेंद्र : देऊन नाही गं आई, अदलाबदल. आमच्या बेसबॉल टीमचा इंद्रनील मलिंगारच्या टीमला, त्यांचा ओवेन इकडे. मी कॅप्टन ना, पाचच्या आत लीगला फॅक्स करायचाय. याचं नाव ठेवायचं की काढायचं.

प्रभाबाई : पण काहून? तूच तं म्हणत होता, त्याच्यावानी चेंडू कोणीच फेकत नाही.

उपेंद्र : फेकतो गं! हात धड असला की समोरच्याला बॉल दिसतसुद्धा नाही. पण धड असतो कधी? मे महिन्यात खांदा. जूनमध्ये कंबर.

प्रभाबाई : फेकताना?

उपेंद्र : शिंकताना.

प्रभाबाई : अवं माय!

उपेंद्र : जुलैत आम्ही कासलबारला हरवलं, तर टाळ्या वाजवताना याचं मनगट मुरगळलं. बाकावर बसून! आणि तो ओवेन बघ, नुसता बैल. मारलेला बॉल थेट शेजारच्या मेंढ्यांत.

प्रभाबाई : दार वाजते बघ.

इंद्रनील : हाय उपेंद्र. नमस्कार काकू. वाकत नाही, पाठ धरलीय.

उपेंद्र : आता काय केलंस?

इंद्रनील : मोजे घातले. ते जाऊ दे. मलिंगारच्या कॅप्टनचा, संजीवचा फोन आला होता. कळलं मला. ग्रँड, ठीक आहे रे, राग नाही. फक्त एक विचारायचं होतं.

उपेंद्र : विचार.

इंद्रनील : तिकडे मॅच संपली की सगळे लगेच आपापल्या घरी जातात का?

उपेंद्र : मला काय माहीत? का?

इंद्रनील : नाही, इथे मी आडवा झालो की तुम्ही पाळीपाळीने डबे आणता, गप्पा मारत बसता. मागच्या वेळी खरं तर मी चार दिवसांतच बरा झालो होतो.

उपेंद्र : काय? आम्ही दोन आठवडे डबे पोचवले! दोन मॅच हरलो तुझ्यावाचून!

इंद्रनील : सॉरी रे. पण काकूंची आमटी यायची ना. आणि घरी मी एकटाच.

प्रभाबाई : माह्या आमटीसाठी? बस रे बापू, बस. सावकाश! उपेंद्र, ह्याले कुठी धाडायचं नाही, सांगून ठेवते.

इंद्रनील : नको काकू, त्याला ठरवू द्या. सही करतोयस का? पेन आहे माझ्याकडे.

उपेंद्र : ठेव ते पेन. हॅलो, संजीव? नाही जमायचं रे... हो, ओवेन चांगलाच आहे... हो, याची पाठ धरलीय, माहीत आहे मला... मोजे घालताना... हस, हसून घे. बाय.

इंद्रनील : पण उद्याच्या मॅचला मला फेकता येणार नाही.

उपेंद्र : कळलं.

इंद्रनील : मग येऊन करू काय?

उपेंद्र : बस आमच्यात.

इंद्रनील : आणि माझी किटची बॅग?

उपेंद्र : हात लावू नकोस तिला. सकाळी साडेनऊला येतो मी, तुला आणि बॅगेला, दोघांना न्यायला.