शुक्रवारचं ताट

मंडळी, क्रूसाची खूण केली ना सगळ्यांनी? मागच्या बाकांवर केली? त्या खांबाजवळच्या काकी — एका हाताने क्रूस, दुसऱ्या हातात मोबाईल! असू द्या, असू द्या, खिशात घालू नका. देवाला दोन्ही हात दिसतात, आणि आज माझं आख्यान त्या दुसऱ्या हाताचंच आहे!

आधी एक प्रश्न विचारतो. गब्रिएल दूत मरीयामातेकडे बातमी घेऊन आला. बातमी कुठून निघाली? स्वर्गातून! पाठवणारा कोण? साक्षात परमेश्वर! आणणारा कोण? देवदूत! म्हणजे अशी बातमी खोटी निघेल का? शक्यच नाही. आणि तरी त्या गरीब घरच्या पोरीने पहिल्यांदा काय केलं? विचारलं! 'हे कसं होईल?' म्हणून विचारलं. आता सांगा, देवदूत चिडला का? 'माझ्यावर विश्वास नाही का गं?' म्हणाला का? छे! त्याने शांतपणे समजावून सांगितलं.

मग माझा प्रश्न असा — आपली आई देवदूतालासुद्धा विचारते. आणि आपण तिच्या लेकी? शेजारणीची बदनामी मोबाईलवर टिंगकन वाजली की आपण काय करतो?

आत्ता बोलू नका. आधी गोष्ट ऐका. पास्कोल मास्तर, पेटीवर जरा सूर धरा... अहो, लग्नाचा नको, ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे!

ऐका. आपल्या वसईच्याच बाजूला एक वाडी. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तिथे फोन कराल. त्या वाडीत ब्रिजितकाकी राहायची. नवरा देवाघरी, मुलगा परदेशी, गुडघे कामातून गेलेले. सबंध घरात बोलायला कोण? मुलाने पाठवलेला मोबाईल! हसू नका हं. त्या मोबाईलवर तिने नातवाचा बाप्तिस्मा पाहिला. पाऊल उचलत नव्हतं त्या दिवसांत त्याच मोबाईलवर तिने मिस्सा, देवळातली उपासना, ऐकली — आणि उभं राहायच्या वेळी गुडघा धरून उभी राहायची! खोलीत एकटी! बघायला कोणी नाही, तरी उभी! अशी बाई. मला तर तिचा आदर वाटतो.

आणि वाडीच्या महिला मंडळाच्या ग्रुपची अॅडमिनही तीच. देवळाची घंटा मागाहून, काकीचं गुलाबाचं फूल आधी! 'सुप्रभात, येशू तुम्हांला सांभाळो.' कोणाचं ऑपरेशन असो, कोणाच्या पोरीची परीक्षा असो, काकीने लिहायचा अवकाश, वाडीभर जपमाळ सुरू. सांगा, वाईट आहे का हे? उलट चांगलंच आहे! मोबाईलला शिव्या देणारं कीर्तन मी करत नाही. तो तुमच्या स्वयंपाकघरातल्या सुरीसारखा आहे, कांदाही कापतो आणि बोटही.

आता काकीच्या शेजारच्या घरात चला. तिथे नातालीनबाय आणि तिची सून मार्था. मार्थाचं माहेर सावंतवाडीकडचं, हिंदू घरचं. आपल्या वाडीतल्या पोरावर तिचा जीव जडला, तिने समजून-उमजून बाप्तिस्मा घेतला, आणि माहेरचं दार बंद झालं! आईने बोलणंच टाकलं. पण पोरगी कशी? आपण जन्मापासून ख्रिस्ती, आपली प्रार्थना सवयीने तोंडातून निघते. तिने प्रत्येक शब्द विचारून विचारून शिकलेला! म्हणून तर फादरांनी प्रथम कम्युनियनच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग तिच्याकडे दिला. मुलं तिच्या इतकी मागे लागायची की शनिवारीच विचारायची, 'टीचर, उद्या कोणती गोष्ट?'

तर उपवासकाळातला एक शुक्रवार. दुपारची वेळ. ब्रिजितकाकी सोफ्यावर बसून सगळ्यांचे स्टेटस बघतेय. हा बघ, तो बघ... आणि थांबली! मार्थाचं स्टेटस. एक ताट. ताटात भाकरी, भात आणि काळपट लाल रस्सा! रश्शात मोठमोठ्या फोडी, धाग्याधाग्यांच्या, वर तेलाचा तवंग! खाली लिहिलंय — 'आज पोट नाही, मन भरलं.'

'अगं माझ्या मरीयामाते! मटण? शुक्रवारी? उपवासकाळात?'

बघा हं, दुसऱ्या कोणाला त्या ताटात काही दिसलं असतं का? काही नाही, जेवण दिसलं असतं. पण आपल्याला शुक्रवारी रस्सा दिसला की त्यात बकराच दिसतो! का? कारण बुधवारपासून मनात तोच उड्या मारत असतो! हसताय? म्हणजे खरं आहे.

आता त्या दोन घरांमध्ये किती अंतर? मध्ये एक कुंपण, कुंपणाला जास्वंद. खिडकीतून हाक मारली असती, 'गं मार्था, काय केलंस आज?' — संपलं असतं! पण काकीचा गुडघा ठणकत होता आणि अंगठा ठणठणीत होता. तिने स्टेटसचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं — 'नाव घेत नाही. पण आपल्या मुलांना शिकवणारीच असं करते तर काय बोलायचं? तिच्यासाठी प्रार्थना करू या.'

प्रार्थना करू या! वा! मंडळी, निंदा करायची ही आपली खास पद्धत आहे. नुसतं बोललं तर पाप लागतं. 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणून बोललं की पुण्य!

मग काय विचारता! जोडलेले हात, रडकी तोंडं, मेणबत्त्या! एक म्हणाली, 'बाप्तिस्मा घेतला म्हणून जुनी सवय जाते का?' दुसरी म्हणाली, 'मूळची आपली नाहीच ना.' बघा! ताटावरून सुरू झालं आणि पोरीच्या बाप्तिस्म्यापर्यंत पोचलं. आणि त्या सगळ्या ग्रुपमध्ये एकीने, एकीनेही विचारलं नाही — 'हे कसं होईल?'

रविवार आला. मार्था वर्गात गेली. फळ्यावर तिने रंगीत खडूने कोकरू काढलं, दाराकडे बघत बसली. कोणी येईना. मिस्सेची घंटा झाली, तरी बाकं रिकामी! मग एका आईचा मेसेज आला, 'मुलाला बरं नाही.' दुसरीचा आला, तिच्याही मुलाला बरं नाही. आणि तिसरीने घाईघाईत चुकून काकीचा तो मेसेजच तिला पाठवला.

मार्थाने वाचला. सगळा वाचला, खालचं 'प्रार्थना करू या'सुद्धा. फळा पुसला आणि घरी आली. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "देवाशी माझं भांडण नाही. पण त्या देवळात माझी जागा नाही, हे मला आज कळलं." सासूला मात्र काही बोलली नाही. पोट दुखतंय म्हणाली. त्या रविवारी नाही, पुढच्याही रविवारी देवळात गेली नाही. ईस्टर तोंडावर आला होता, मंडळी! जिने आईला सोडून येशूला धरलं, ती ईस्टरला घरी बसणार होती — आणि कशापायी? एका फोटोपायी!

आता पुढे ऐका. त्या वाडीची एक रीत आहे. उपवासकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट, म्हणजे क्रूस घेऊन प्रार्थनेची फेरी, वाडीतून फिरते आणि शेवट एकेका घराच्या अंगणात होतो. त्या घराने सगळ्यांना साधं, उपवासाचं जेवण वाढायचं. त्या दुसऱ्या रविवारनंतरच्या शुक्रवारी पाळी कोणाची? नातालीनबायची! बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. जावं की न जावं? पण क्रूसच निघाला त्या अंगणात, त्याला कोण अडवणार? गेल्या सगळ्या. प्रार्थना झाली. नातालीनबायने पंगत मांडली आणि पुढ्यात ताटं आली.

आणि ताटात काय? भाकरी, भात, काळपट लाल रस्सा! मोठमोठ्या फोडी! वर तवंग!

सगळ्यांचे हात मांडीवर. शेवटी ब्रिजितकाकीच बोलली, "नातालीनबाय... आज शुक्रवार आहे."

"मग? जेवायचं नाही होय शुक्रवारी?"

"अगं, पण हे मटण—"

"मटण?" नातालीनबाय तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. "अगं, कुयरी आहे ती! कोवळा फणस! आपला मसाला घातला ना, म्हणून तसं दिसतं. मी पण पहिल्यांदा फसले!"

काकीने एक फोड तोंडात घातली. फणस!

आणि नातालीनबाय आपली भोळेपणाने सांगतेय, तिला बिचारीला ग्रुपही माहीत नाही, फोटोही माहीत नाही. "आमच्या मार्थाच्या आईने पाठवली. लग्नापासून त्या बाईने पोरीचं तोंड बघितलं नव्हतं. आणि त्या शुक्रवारी भाऊ दारात, डोक्यावर पोतं! आईने निरोप दिला होता — तुमचा उपवास चालू आहे असं ऐकलं, तुम्हांला मटण चालत नाही, मग पोरीने खायचं काय? कुयरी द्या तिला. पोर रडत रडत जेवली गं. ताटाचा फोटो काढून आईला दिसावा म्हणून मोबाईलवर लावला."

मंडळी, आलं का ध्यानात? ज्या आईने तिचा बाप्तिस्मा सोसला नव्हता, तीच तिचा उपवास सांभाळत होती! तो फोटो पापाचा नव्हता. एका मोठ्या कृपेचा होता! आणि आपल्या बायांनी त्याला मटण म्हटलं.

मग नातालीनबायने विचारलं, "पण तेव्हापासून पोट दुखतंय म्हणते, देवळात येत नाही. तुम्हांला काही बोलली का गं ती?"

आत चुलीपाशी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मार्था आतच होती, सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही.

ब्रिजितकाकी घरी आली, मोबाईल उघडला. तो मेसेज काढून टाकू पाहिला, निघेना! मग लिहिलं, 'कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व.' सोबत जोडलेले हात. ग्रुपवर पुन्हा मेणबत्त्या! 'काकी, तुमचं मन किती मोठं!' आणि काकी त्या मेणबत्त्यांकडे बघत रडायला लागली. कारण तिला कळलं — दगड मार्थाला मारला आणि क्षमा मात्र हवेत सोडली!

मग शनिवारी ती बाई काठी घेऊन निघाली. जो मेसेज अंगठ्याने क्षणात गेला होता, त्याच्या मागे गुडघे ओढत निघाली! ज्या ज्या घरात वर्गातली मुलं होती त्या प्रत्येक घरी गेली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मी खोटं सांगितलं. विचारलं नाही आणि सांगितलं. तुझं पोर उद्या सकाळी माझ्याकडे पाठव." एक सून म्हणाली, "काकी, फोन करायचा होतात, एवढं कशाला चाललात?" काकी म्हणाली, "तेच चुकलं गं माझं."

रविवारी सकाळी मार्थाने दार उघडलं. अंगणात वर्गातली सगळी मुलं, आणि पुढे काठी टेकून काकी. पाठ केलेलं सगळं विसरली. एवढंच म्हणाली, "बाय, मी तुला काही विचारलं नव्हतं. आता विचारायला आलेय. येशील का?"

मार्था लगेच विरघळली नाही. आणि का विरघळावं? लागलं होतं तिला! मग म्हणाली, "काकी, त्या शुक्रवारी खिडकीतून हाक मारली असती ना, तर तुम्हांलाच पहिलं ताट वाढलं असतं."

"ठाऊक आहे," काकी म्हणाली. "म्हणून तर वाईट वाटतं."

मार्था आत गेली. मुलांना वाटलं, दार लावणार. पण ती खडूचा डबा घेऊन बाहेर आली, काकीचा दंड धरला आणि ती सगळी देवळाकडे निघाली — काकीच्या पावलाने, हळूहळू.

मंडळी, गोष्ट संपली, पण तुम्ही सुटलात असं समजू नका! घरी जाऊन मोबाईल विहिरीत टाका असं मी म्हणत नाही. गुलाब पाठवा, जपमाळ पाठवा, एकटीदुकटीला मिस्सा दाखवा. पण बाईच्या अब्रूची गोष्ट हातात आली, तर आपल्या आईचा, मरीयामातेचा, तो एक प्रश्न आधी विचारा, आणि जिची गोष्ट आहे तिलाच विचारा!

आणि आता — हो, आत्ताच — तो मोबाईल काढा. तुमच्यात अशी कोणी आहे का, जिच्याबद्दल तुम्ही न विचारता पुढे पाठवलंत? आठवली? खाली का बघताय? आठवली ना! तिला मेसेज करू नका. फोन लावा. बाहेर अंगणात जा, मी थांबतो. आरती तुम्ही परत आल्यावर.

पास्कोल मास्तर, पेटी बंद करा. त्यांना बोलू द्या.