चादरींवरची काजळी
पावाच्या दुकानातल्या रांगेत सोलांज नवरा फिर्मां याच्या मागे, दोन माणसं सोडून उभी होती. फिर्मां पुढच्या नव्या शेजारणीशी बोलण्यात दंग होता.

"माएल, शेगडी बिघडली का गं? चार दिवस तुझ्या धुराड्यातून धूरच नाही."

"छे हो काका, धडधडून पेटतेय! आता ओंडके खाली, काटक्या वर रचते आणि वरूनच पेटवते. धूर होतच नाही, शेगडीच्या दाराची काचही लख्ख!"

"वरून? आग कधी खाली उतरते होय?"

"मेणबत्तीसारखी उतरते."

"चाळीस वर्षं खालूनच पेटवतोय मी! पण धूर थांबवलास ते बरं केलंस. आमच्या वाळत घातलेल्या चादरी काळ्या व्हायच्या तुझ्यामुळे."

"अहो," सोलांज मागून म्हणाली, "मग कालच्या चादरी कुणी काळ्या केल्या?"

अख्खी रांग हसली. फिर्मांने लांबलचक पाव काखोटीला मारला.

"माएल, उद्या सकाळी जरा आमच्याकडे येशील का गं?"